लांबून ऐकलेला फड

स्मरणिकेसाठी 'तूही काहीतरी लिही' असा निरोप आला, तेव्हा आधी शाळेच्याच आठवणी लिहायला घेतल्या होत्या. पण बाकावर कोरलेली नावं, प्रार्थनेची रांग, सहलीची एसटी हे सगळं बाकीचे लिहिणारच. म्हणून ठरवलं, की आपल्या सगळ्यांच्या घरात होती पण शाळेच्या वहीत कधी आली नाही, अशा एका गोष्टीचा इतिहास लिहावा. ती गोष्ट म्हणजे यात्रेतला तमाशा आणि त्याच्यावर आपल्या बारामती-इंदापूर भागानं केलेलं प्रेम.

सुरुवात मात्र थोडी लांबून करावी लागेल, कारण मला हे सुचलं तेच लांबच्या एका गोष्टीवरून.

७ एप्रिल २००३, सोमवार. मी पुण्यात नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली होती. त्या दिवशी आमच्या टीममधले चार जण रजेवर. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर 'रोलिंग स्टोन्स' या इंग्रजी बँडचा कार्यक्रम होता. हा बँड लंडनमध्ये १९६२ साली पहिल्यांदा लोकांसमोर आला आणि तेव्हापासून थांबलाच नाही. रजेवर गेलेल्यांपैकी एकाचे वडीलही त्याच्याबरोबर गेले होते. त्यांनी कॉलेजात असताना ज्यांच्या तबकड्या जपल्या, त्यांना साठीला आल्यावर समोर पाहायचं होतं. दुसऱ्या दिवशी तो मित्र घसा बसलेला, डोळे लाल, पण चेहरा असा की लग्न लागलंय. मला म्हणाला, "तुमच्या गावाकडे असं काही नसतं ना गं?"

नुकताच गुढीपाडवा होऊन गेला होता. त्याच आठवड्यात नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागल्या असणार, आणि गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसं पांढऱ्या टोप्या घालून कुठला फड आणायचा यावर भांडत असणार. आमच्या घरात आजोबा, वडील आणि चुलते एकाच फडाचे चाहते होते. लाल डोळे आणि बसलेला घसा मी लहानपणापासून दर चैत्रात पाहिला होता. पण त्या मित्राला मी म्हणाले, "नाही, तसं काही नसतं."

का म्हणाले? त्याचं उत्तर शोधता शोधता हा लेख झाला.

त्या बँडबद्दल मी नंतर बरंच वाचलं. हे 'रोलिंग स्टोन्स' नाव त्यांचं स्वतःचं नव्हे. मडी वॉटर्स नावाच्या एका काळ्या गायकाच्या १९५०च्या गाण्यावरून त्यांनी ते घेतलं. मडी वॉटर्स हा अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात कापसाच्या मळ्यावर राबणारा माणूस. तिथल्या काळ्या कुळांची पद्धत ऐकली तर आपल्याला नवल वाटणार नाही. मालकाकडून बी-बियाणं, धान्य उधार घ्यायचं, पीक आलं की हिशेब मालकच करणार, आणि हिशेबाअंती कूळ पुन्हा देणं लागणारच. त्या राबण्यातून आणि देण्यातून जे गाणं आलं त्याला ब्लूज म्हणतात. मडी वॉटर्स १९४३ साली मळा सोडून शिकागोला गेला, तिथे त्यानं विजेची गिटार हातात घेतली, आणि त्याच्या तबकड्या समुद्रापार लंडनच्या गोऱ्या पोरांच्या हाती लागल्या. त्यातून पुढे जो प्रकार झाला तो ब्लूज रॉक.

मला यातली एक गोष्ट फार आवडली. १९६५ साली अमेरिकेतल्या एका दूरदर्शन कार्यक्रमात रोलिंग स्टोन्सना गायला बोलावलं. त्यांनी आग्रह धरून हाउलिन वुल्फ या मिसिसिपीच्याच बुजुर्ग ब्लूज गायकाला त्या मंचावर आणलं. तो गात होता आणि ही तेव्हाची जगप्रसिद्ध पोरं त्याच्या पायाशी बसून ऐकत होती. चाहता असणं म्हणजे काय, हे त्या एका प्रसंगात कळतं. गाणं आवडलं तर गाणाऱ्याला आपल्या बैठकीत, सगळ्यांच्या देखत मान द्यायचा.

आता आपल्याकडे येऊ.

आपल्याला शाळेत मोरोपंतांच्या आर्या होत्या. पाठ करताना आपण किती कुरकुर केली, ते सरांना आठवत असेल. मोरोपंत (१७२९–१७९४) हे आपल्या बारामतीचे. बाबूजी नाईकांच्या आश्रयानं कऱ्हेकाठी त्यांनी पुराण सांगितलं, काव्य रचलं. पण त्याच मोरोपंतांची दुसरी एक गोष्ट पुस्तकात नव्हती. पेशवाईच्या उत्तरकाळात सोलापूरचे शाहीर राम जोशी लावण्या रचून तमाशात गात. घराणं वेदशास्त्र जाणणारं, त्यामुळे तमाशाच्या नादापायी त्यांना थोरल्या भावानं घराबाहेर काढलं असं सांगतात. या राम जोशींची योग्यता मोरोपंतांनी ओळखली, अशी परंपरा आहे. राम जोशींनी पुढे कीर्तनातून मोरोपंतांच्या आर्या गाऊन त्या गावोगाव पोचवल्या. म्हणजे ज्या आर्या आपण पाठ केल्या, त्या लोकांच्या ओठावर नेणाऱ्यांत तमाशाचा एक शाहीर होता. बारामतीचा थोर पंडित आणि बोर्डावरचा शाहीर एकमेकांना मानत होते. आपल्या भागाचं तमाशाशी नातं इतकं जुनं आणि इतकं चांगलं सुरू झालं होतं.

मग आला कालवा. नीरा डावा कालवा १८८५च्या सुमाराचा. भाटघरचं पाणी बारामती आणि इंदापूरच्या माळावर आलं, ऊस आला. नंतर वालचंदनगर, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर असे कारखाने झाले. फाल्गुन-चैत्रात पट्टा पडायचा, उसाची बिलं हातात यायची आणि नेमक्या तेव्हाच ग्रामदैवतांच्या यात्रा यायच्या. घरटी पट्टी गोळा व्हायची, कमिटी सुपारी घेऊन निघायची. बागायती गावाला मोठा फड परवडायचा. ज्या गावात मोठा फड येई त्या गावाची मान वर्षभर ताठ असे. रात्री पालखीचा छबिना, मग तमाशा, सकाळी हजेऱ्या, दुपारी कुस्त्या. हा क्रम तुम्हाला सांगायला नकोच.

खेळाचाही क्रम ठरलेला. आधी गण, मग गवळण, त्यात मावशी आणि पेंद्या, मग बतावणी, रंगबाजी आणि मध्यरात्र उलटली की वग. वग पहाटेपर्यंत चालायचा. ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज. आपल्या लहानपणी त्यात ऑर्गन आणि ड्रम आले होते आणि जुनी माणसं त्यावर नाक मुरडत होती. (तिकडे गिटारला वीज जोडली तेव्हाही जुन्या लोकांनी नाक मुरडलंच होतं.)

एकेक फड म्हणजे एकेक घराणं. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे नारायण खुडे यांचा फड त्यांची मुलं भाऊ आणि बापू यांनी 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' या नावानं गाजवला. भाऊंची मुलगी विठाबाई. १९३५ साली पंढरपुरात जन्मलेल्या या बाईनं महाराष्ट्राला वेड लावलं. पुढे त्यांची मुलगी मंगला बनसोडे यांचा फड. तुकाराम खेडकर आणि कांताबाई सातारकर यांचा फड, नंतर त्यांचा मुलगा रघुवीर खेडकर. कवलापूरचे जुळे भाऊ काळू-बाळू. दत्ता महाडिक पुणेकर. आपल्या भागात माणसं या नावांवरून वाद घालायची, एकमेकांना बोलायची थांबायची. आजोबा ज्या फडाचे, नातू त्याच फडाचा. माझ्या मित्राचे वडील ब्रेबॉर्नवर मुलाला घेऊन गेले, त्यात आणि यात काय फरक?

फरक होता. तो आम्हा मुलींना जास्त माहीत आहे.

वर्गातल्या मुलांनो, तुम्ही पोतं अंथरून पुढे बसून पाहिलात तो तमाशा आम्ही फक्त ऐकला. मुलींना तिकडे जायची बंदी होती. घराच्या माळवदावर गोधडीत पडून कर्ण्यातून येईल तेवढा तमाशा आमचा. वारा आपल्याकडे असला की गवळण स्पष्ट यायची, वारा फिरला की वगातला राजा मध्येच गप्प. दौलतजादा पुकारायचे ते मात्र लख्ख ऐकू यायचं, अमुक गावचे अमुक पाटील, अमुक सोसायटीचे चेअरमन. एकदा तर 'एका मास्तरांकडून, नाव सांगू नका म्हणालेत' असं पुकारलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत आम्ही मुली प्रत्येक सरांच्या डोळ्यांकडे बघत होतो. ते सर कोण, हे आता या संमेलनात तरी कळावं.

तमाशा 'पाहिला' तो सिनेमात. 'सांगत्ये ऐका' हा १९५९चा चित्रपट पुण्याच्या विजयानंद टॉकीजला अडीच वर्षांहून जास्त चालला. आमच्या आया-मावश्यांनी तो उजळ माथ्यानं पाहिला. पडद्यावरची तमासगीर बाई चालत होती, गावच्या वेशीवरच्या राहुटीतली चालत नव्हती.

आता जे सांगायचं ते सांगते. मी चौथीत होते. यात्रेला आलेला फड शेजारच्या प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यात उतरला होता. दुपारी माझ्याच वयाची एक मुलगी आमच्या दारात पाणी मागायला आली. हातात कळशी, केस रिबिनीनं वर बांधलेले. माझी आजी बाहेर आली आणि तिनं मुलीला कळशी खाली ठेवायला लावून वरून, हातभर अंतरावरून पाणी ओतलं. धार कळशीच्या काठाला लागून निम्मं पाणी जमिनीवर सांडलं. मुलीनं काही म्हटलं नाही. तिला सवय असावी. ती गेल्यावर आजी पुन्हा धान्य निवडायला बसली आणि निवडता निवडता त्याच फडाची गवळण गुणगुणायला लागली.

आजी वाईट नव्हती. ती त्या फडाची आमच्या घरातली सगळ्यात जुनी चाहती होती. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या यात्रेपासून ती त्यांची गाणी ऐकत होती. पण गाणं घरात आलेलं चालत होतं आणि गाणाऱ्याची कळशी चालत नव्हती. हे दोन्ही तिच्यात एकाच वेळी होतं, आणि सगळ्या गावात होतं. मी शेजारी उभी होते. मीही काही म्हटलं नाही. आणि पुढे २००३ साली 'आमच्याकडे तसं काही नसतं' असं म्हणाले, तेही तेच होतं. वरून ओतलेलं पाणी.

तमाशा ज्यांनी जगवला ते बहुतेक मांग, महार, कोल्हाटी समाजातले. कलावंत फडमालकाकडून उचल घेणार आणि ती फिटेपर्यंत त्या फडाशी बांधलेला राहणार. फडमालकही सावकाराच्या देण्यात. 'उचल' हा शब्द आपल्याला नवा नाही. आपल्या शाळेच्या रस्त्यावरून बीड-नगरकडच्या ऊसतोड्यांच्या गाड्या जायच्या, त्यांच्याही आयुष्याचा तोच शब्द. मिसिसिपीच्या मळ्यातल्या कुळाचाही तोच, फक्त भाषा वेगळी. गाणं तिथलं काय आणि इथलं काय, एकाच प्रकारच्या वहीतून जन्मलं आहे.

त्यात वरून सरकारचा वरवंटा. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदीच घातली. कलावंत आणि त्यांच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या जाणत्या माणसांमुळे ती उठली, पण संहिता आधी तपासून घ्यायची अट राहिली. ज्यांची कला पाचशे गावं डोक्यावर घेत होती, त्यांना उभं राहायला परवाना लागत होता.

विठाबाईंची एक गोष्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकली असेल. नऊ महिने भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा मागे गेल्या, बाळंत झाल्या, नाळ दगडानं ठेचून तोडली आणि पुन्हा बोर्डावर जायला निघाल्या. लोकांना कळलं तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवला, असं सांगतात. ही गोष्ट आपल्याकडे त्यांच्या धाडसाची म्हणून सांगतात, आणि ते धाडस होतंच. पण मी स्वतः आई झाल्यावर मला दुसराच प्रश्न पडायला लागला. नऊ महिने भरलेल्या बाईला त्या रात्री बोर्डावर उभं का राहावं लागलं? सुपारी घेतली होती म्हणून. खेळ मोडला तर फड जेवणार काय, म्हणून. ज्या प्रेक्षकांनी हात जोडले त्यांचं प्रेम खरं होतं. पण ते प्रेम त्या रात्रीपुरतं होतं.

विठाबाईंचा १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. शेवटचे दिवस हलाखीचे होते, आणि दवाखान्याचं बिल देणगीदारांच्या मदतीनं भागवावं लागलं. त्यांच्या नावानं राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला तो नंतर. मुंबईत रोलिंग स्टोन्स आले ते त्यानंतर सव्वा वर्षानं.

२०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे यात्रा बंद राहिल्या. दोन चैत्र कर्णा वाजला नाही. फडांचे ट्रक उभे, कलावंत मजुरीला. मे २०२१ मध्ये कांताबाई सातारकर करोनानं गेल्या. ती बातमी आईनं मला फोनवर सांगितली. पुरुषांच्या भूमिका गाजवणाऱ्या या बाईंना आईनं कधीही पाहिलं नव्हतं. नुसत्या आवाजानं ओळखत होती. फोनवर म्हणाली, "अगं, आपल्या माळवदावरचं माणूस गेलं."

ते ऐकून मी ठरवलं. यात्रा पुन्हा सुरू झाल्यावर आईला घेऊन गेले. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी माझी आई पहिल्यांदा कनातीच्या आत बसली. मीही पहिल्यांदाच. खरं सांगते, पहिला अर्धा तास मन रमलं नाही. सिनेमाची गाणी, डोळ्यांवर येणारे दिवे, पुढे शिट्ट्या मारणारी पोरं. आई मात्र गण संपेपर्यंत हात जोडून होती आणि गवळण सुरू झाली तशी ओठ हलवायला लागली. शब्द सगळे पाठ.

खेळाच्या आधी आम्ही मागे राहुटीकडे गेलो होतो. तोंडाला रंग लावत बसलेल्या एका वयस्कर बाईंनी आईला बसायला पत्र्याची पेटी दिली. आईनं विचारलं, की अमुक एक गवळण पूर्वी तुमच्याकडे कोण म्हणायचं? त्या म्हणाल्या, "ती माझी सासू. जाऊन बारा वर्षं झाली." मग चहा आला. आई चहा पिताना काही बोलली नाही. मला त्या वेळी कळशी आठवत होती. तिलाही आठवत असेल, कारण निघताना तिनं बाईंचे हात हातात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

यानं मागचं काही फिटत नाही, हे मला कळतं. एका चहानं उचल फिटत नसते. पण रोलिंग स्टोन्सनी २०२३ साली, वयाच्या ऐंशीच्या आसपास नवी गाणी काढली आणि त्यातलं शेवटचं गाणं मडी वॉटर्सचं घेतलं. ज्याच्याकडून नाव घेतलं त्याचं नाव साठ वर्षांनीही घेतलं. निदान तेवढं तरी आपल्याला जमावं.

म्हणून स्मरणिकेच्या वाचकांना माझी विनंती आहे. आपल्यातले काही जण आज गावच्या यात्रा कमिटीत आहेत. कमिटीच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या रद्दीत घालू नका. कुठल्या साली कुठला फड आला, किती सुपारी दिली, हे त्यात आहे. आपल्या भागाचा हा इतिहास दुसरीकडे कुठे लिहिलेला सापडणार नाही. कुणाच्या घरी यात्रेत टेप केलेल्या कॅसेट असतील तर मला द्या. त्या संगणकावर उतरवून घेणं आणि त्यातली खरखर कमी करणं हे माझं रोजच्या ओळखीचं काम आहे. मूळ कॅसेट परत करीन. गाणाऱ्यांची नावं लावायचं काम मात्र सगळ्यांनी मिळून करावं लागेल, कारण ती नावं पुढे बसलेल्या तुम्हालाच माहीत आहेत. आणि यंदा कमिटीनं फड ठरवला, तर कलावंतांच्या उतरायची, पाण्याची आणि बायकांसाठी आडोशाची सोय काय, हा प्रश्न सुपारीच्या आकड्याआधी विचारा.

शेवटी एक वैयक्तिक चौकशी. आम्ही नववीत होतो त्या वर्षीच्या यात्रेत एक वग होता. सावत्र आईच्या सांगण्यावरून राजानं थोरल्या मुलाला जंगलात सोडलं, आणि तो मुलगा साधूच्या वेशात परत येऊन राजवाड्याच्या दारात उभा राहिला. राजानं विचारलं, "कोण तू?" आणि तेवढ्यात वारा फिरला. पुढचं ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी तुमच्यापैकी एकाला विचारलं तर तो म्हणाला, "मी झोपलो होतो." तीस वर्षं झाली. कुणी जागं होतं का? संमेलनाच्या दिवशी जेवणाच्या पंगतीत मला गाठा आणि त्या मुलानं काय उत्तर दिलं, ते सांगा.